दुसऱ्या अंकातलं सूप

दुसऱ्या अंकात सूप उतू जायला हवं होतं. बायको घटस्फोट मागून निघून गेलेली. सत्तरीचा नवरा आयुष्यात पहिल्यांदा गॅस पेटवतो, उकळत्या पाण्यात टोफूची अख्खी वडी आणि मिसोचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या खारट लगद्याचा, अख्खा गोळा टाकतो, सगळं ओट्यावर सांडतं आणि लोक हसतात. तालमींमध्ये तोकुजी होन्माने ते दर वेळी चोख सांडलं होतं.

"होन्माकाका, तुम्हाला अभिनय करायचाच नाहीये," योशिनो म्हणायची. तिचं टोफूचं दुकान होतं आणि नाटकात ती त्याची बायको होती. "नुसते ओट्यापाशी उभे राहा. पुरे."

सगळे हसायचे. तोकुजीही हसायचा. त्याची खरी बायको सुमिए पानगळीत निइगाताला बहिणीकडे निघून गेली होती, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

आज शनिवारच्या पहिल्या प्रयोगाला ती तिसऱ्या रांगेत बसली होती. तोकुजीने फोन करून बोलावलं होतं. "येईन," ती म्हणाली होती, "पण नाटक बघायला. घरी येतेय असं समजू नका."

तोकुजीने गॅस पेटवला. गॅस खरा, पातेलं खरं. वास शेवटच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे, असा सकाकीबाईंचा हट्ट होता. शाळेत मुलांची नाटकं बसवून निवृत्त झालेल्या बाई आता गावाची बसवत होत्या.

पाणी उकळलं. तोकुजीने टोफूची वडी पातेल्यावर धरली आणि थांबला. मग ती डाव्या तळहातावर ठेवली, सुरी हलकेच खाली दाबत चौकोनी तुकडे केले आणि पाण्यात सोडले. पळीत बेताचं मिसो घेतलं, जेवायच्या काड्यांनी कालवलं. घरी एकट्यासाठी तो हल्ली रोज असंच करत होता.

प्रेक्षकांतलं हसू विरत गेलं. कुणीतरी खोकलं.

"काका, हे काय चाललंय?" सकाकीबाई विंगेतून दबक्या आवाजात ओरडल्या. "सांडा! सांडा ना!"

मिसो आत गेलं होतं. ज्योत मोठी होती, फेस वर चढत होता. आता नुसतं उभं राहिलं की नाटक वाचणार होतं. पण मग तिसऱ्या रांगेला तोच जुना माणूस दिसणार होता. तोकुजी गॅसच्या बटणावर हात ठेवून तसाच उभा राहिला.

"अहो, मिसो घातलं की गॅस बंद करायचा असतो!" तिसऱ्या रांगेतून आवाज आला.

"माहितीये गं! बंदच करत होतो!" तोकुजी ओरडला आणि त्याने बटण फिरवलं.

सभागृह हसून लोटपोट झालं. त्याच गडबडीत योशिनो आत आली आणि पाठ केलेलं वाक्य बोलून मोकळी झाली, "शी! काय करपवलंय हे!"

"कुठे करपलंय?" पुढच्या रांगेतल्या एक आजी म्हणाल्या. "इथे भूक लागली आम्हाला."

नाटकात शेवटी घटस्फोट झालाच. टाळ्या बराच वेळ पडत होत्या.

पडदा पडल्यावर तोकुजी मागच्या मोरीत पातेलं घासायला बसला. सकाकीबाई घाईघाईने आल्या. "उद्याही अस्संच करा. आणि तिसऱ्या रांगेतल्या त्या बाईंना म्हणावं, उद्या पण या." त्या गेल्या, तेव्हा दाराशी सुमिए उभी होती, अंगात कोट घालून.

"मध्यंतरात विंगेत येऊन चाखलं मी," ती म्हणाली. "मिसो जास्त झालंय."

"उद्या कमी घालतो."

ती दारातून एक पाऊल आत आली.

"बाई काय म्हणाल्या, ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"मग?"

सुमिएने वाकून पातेल्यात पाहिलं. "बुडाला राहिलंय अजून."

तोकुजीने पुन्हा घासणी घेतली. सुमिए शेजारच्या खुर्चीवर बसली. हात तिने कोटाच्या खिशातच ठेवले.