म्हसोबाचं वळण

म्हसोबाचं वळण आलं आणि निकिताने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. ब्रेक दाबला. गाडी बैलगाडीच्या चालीवर आली. वळणाच्या तोंडाशी शेंदराने माखलेला धोंडा होता. तिने उजवा हात कपाळाला लावला, मग छातीला, आणि पुन्हा स्टिअरिंगवर ठेवून गाडी वळणात घातली. वरच्या कड्यावर बसलेली माणसं खो खो हसली. घाट चढायची शर्यत, घड्याळ चालू, आणि बाई देवाला नमस्कार करतेय!

पहिली फेरी संपवून गाड्या रांगेने खाली आल्या. तिने हेल्मेट काढायच्या आत तिचा भाऊ हर्षल खिडकीशी हजर. त्याचं केडगावात गॅरेज. महिनाभर त्यानेच तिला घडवलं होतं. आदल्या दिवशी सगळा घाट पायी चालायला लावला होता. पहिल्यांदा शर्यतीत उतरणाऱ्याने पहिल्या फेरीत गाडी फक्त धड वर न्यायची. नजर बॉनेटवर नाही, वळणाच्या पलीकडे ठेवायची. जे काय हळू व्हायचं ते वळणाच्या आधी. निकिताने हे सगळं पाढ्यासारखं पाठ केलं होतं.

"ताई, नवख्यांत तिसरी आहेस तू!" हर्षल म्हणाला. "अकरा जणांत! पण चौथा अगदी थोडक्यात मागे आहे. पहिल्या तिघांनाच पुढच्या महिन्यातल्या स्पर्धेला जाता येईल. आता दुसऱ्या फेरीत सगळे जीव खाऊन पळवणार. तुझे तीन सेकंद त्या नमस्कारात गेले. तेवढे वाचव."

"आत्यांना शब्द दिलाय रे."

आत्या म्हणजे तिच्या सासूबाई, मालनबाई. ही कार घरातली एकुलती एक. ती शर्यतीला न्यायची म्हटल्यावर सासरे कारभारी दोन दिवस बोलले नव्हते. होकार मालनबाईंनीच मिळवून दिला. अट एकच घातली. "काय पळायचं ती पळ. पन म्हसोबाला हात जोडल्याबिगर फुडं जायचं न्हाई. हाय कबूल?"

निकिताने ते हसत कबूल केलं. लग्न होऊन आल्यापासून ती बघत होती. घरचा टेम्पो असो की मोटारसायकल, त्या धोंड्यापाशी थांबल्याशिवाय पुढे गेली नव्हती. एकदा तर तिला कळा सुरू झाल्या होत्या, तरी कारभारींनी तिथं गाडी थांबवली होती.

"देव समजून घेईल," हर्षल म्हणाला. "घड्याळ नाही घेणार."

दुसऱ्या फेरीचा झेंडा पडला. गाडी अशी सुटली की निकिताला स्वतःचंच हसू फुटलं. वर्षभर दूध, डबे, लंगोट आणि वाळवणं यांतच फिरणारे तिचे हात आज एकेक गिअर अचूक टाकत होते. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. म्हसोबाचा शेंदूर दिसला. पाय उचलायची वेळ झाली होती. तिने तो उचलला नाही.

गाडी वळणात शिरली. वळण संपलं असं वाटलं आणि तिने आणखी दाबलं. पण वळण संपलं नव्हतं. मागची चाकं घसरली, गाडी आडवी झाली आणि कडेला रचलेल्या टायरांत अलगद जाऊन बसली. इंजिन बंद. निकिताला खरचटलंसुद्धा नाही. पुन्हा सुरू करून माथा गाठेपर्यंत वीस सेकंद वाया गेले होते.

खाली आल्यावर ती गाडीतून उतरेना. गर्दीतून मालनबाई आल्या. डोक्यावर पदर, कडेवर निकिताची दोन वर्षांची मनवा. त्यांनी आधी सुनेचे दोन्ही कोपर चाचपले, मग तोंडावरून हात फिरवला.

"आत्या, मी थांबले नाही." निकिता स्टिअरिंगला धरूनच म्हणाली. "तुम्हाला दिलेला शब्द मोडला. बघा, देवानं लगेच दाखवलं."

तेवढ्यात भोंग्यावर निकाल लागला. दुसऱ्या फेरीत पाच जण त्याच टायरांत जाऊन बसले होते. प्रत्येकाची दोन्हींपैकी चांगली फेरी धरायची होती. नमस्कार करूनही निकिताची पहिली फेरी तिसरीच राहिली. हर्षल मनवाला उचलून नाचायला लागला. कारभारी जमलेल्या माणसांना सांगत होते, "बघितलं ना? हात जोडला तवा नंबर आला, न्हाई जोडला तवा टायरात! म्हसोबा लई कडक हाय आमचा!"

निकिता मात्र तशीच बसून. "कोप झालाय, आत्या. आता पुन्हा त्या घाटात गाडी घालायची माझी हिंमत नाही."

मालनबाईंनी इकडेतिकडे बघितलं. दार उघडून त्या शेजारच्या सीटवर बसल्या आणि काच वर केली.

"कोप कसला गं येडे? ते वळनच तसं हाय. सरलं म्हनून मानूस गाडी दामटतंय, आन तितंच ते आनिक आत वळतंय. माजं नवं लगीन झाल्तं. तुजे सासरे कांद्याचा टेम्पो असा हानायचे, मी शेजारी जीव मुठीत धरून बसायची. हळू चला म्हनलं की हसायचे."

बाहेर कारभारी अजून म्हसोबाचा महिमा गात होते. मालनबाईंनी पदर तोंडाला लावला. हसून हसून खांदे गदगदा हलत होते.

"बायकूचं न्हाई तर देवाचं तरी ऐकत्याल म्हनलं," त्या पुटपुटल्या, "आन एका रविवारी मीच त्या धोंड्याला शेंदूर लावून आले."