रेषेच्या वरचे ठिपके

"घरी काही बोलली नाहीस ना?" बैठकीआधी सरांनी विचारलं. मी मानेनेच नाही म्हटलं.

प्रोटॉनच्या टकरीतून किती कण उडतात, हे दोन गट वेगवेगळ्या यंत्रांवर मोजत होते. एकाचं पाहून दुसऱ्याने उत्तर जुळवू नये, म्हणून आपसांत बोलायला बंदी. दुसऱ्या गटात माझा नवरा, निनाद. वर्षभर आम्ही घरी भांडलो ते फक्त भाजीतल्या मिठावरून.

आलेखावर माझ्या मोजणीचे ठिपके सिद्धांताच्या रेषेच्या बरेच वर जात होते. चूक शोधून शोधून मी मेटाकुटीला आले होते. निनादही हल्ली मीठ कमी आहे म्हणत अर्धं ताट टाकून उठायचा. माझा चेहरा वाचून याला माझी कीव येतेय, असं वाटून मला संताप यायचा.

सरांनी दोन्ही आलेख पडद्यावर एकमेकांवर ठेवले. रेषा खालीच राहिली. तिच्या कितीतरी वर, निनादचे ठिपके नेमके माझ्या ठिपक्यांवर बसले होते.

"म्हणजे रेषाच नव्याने काढावी लागणार," सर पुटपुटले. त्यांना हसू आवरत नव्हतं.

निनाद टेबलाला वळसा घालून माझ्याजवळ आला. "मीही चूकच शोधत होतो गं," तो म्हणाला. "भाजीत मीठ कधीच कमी नव्हतं."