निनावी शून्य

"दहापैकी शून्य," मारोतरावांनी चिठ्ठी वाचून गल्ल्यावर ठेवली. "कोट बगलेत काचतो. बस, एवढंच. खाली नाव नाही."

रुपराव मशीनवरून ताडकन उठला.

सीताबर्डीतल्या मारोतरावांच्या कापडदुकानाच्या ओट्यावर तीन शिंपी बसत. दिवाळीपासून मारोतरावांनी दुकानात एक पत्र्याची पेटी ठेवली होती. गिऱ्हाइकानं कपडा न्यायचा, शिंप्याला दहापैकी गुण द्यायचे, चिठ्ठी पेटीत टाकायची. नावाची सक्ती नाही. महिनाअखेर ज्याचे गुण सगळ्यांत कमी, त्याची मशीन ओट्यावरून खाली. रुपरावला आठाच्या खाली कोणी गेलं नव्हतं. या एका शून्यानं तो तळाला गेला.

"हा काय न्याय झाला?" तो ओरडला. "कोनीबी उठावं अन् काहीबी लिहावं? सतरा वर्षं झाले मले ह्या ओट्यावर. अन् मले उठवनार कोन? ज्याले सोताचं नाव टाकाची हिंमत नाई तो!"

बाजूच्या मशीनवरचा नत्थू सुईत दोरा ओवत होता. "नाव टाकलं असतं तर तू त्याची कॉलर धरली असती गा."

"धरलीच असती!"

"म्हनूनच नाई टाकलं त्यानं."

मारोतराव व्यापारी माणूस. त्यांना भांडण नको होतं. "असं करा रुपराव. सोमवारी मी गुण मांडतो. तोवर त्या गिऱ्हाइकाकडून लिहून आणा, चूक तुमची नाही म्हणून. खाली सही पाहिजे. शून्य रद्द."

रुपरावनं मापाची वही काखेत मारली आणि सायकल काढली. त्याची वही पक्की होती. आधी नाव, मग पत्ता, मग माप. महिनाभरात नऊ कोट शिवले होते. तो एकेका दारात उभा राहिला. धरमपेठेतल्या वकिलाला त्यानं कोट घालायला लावला, हात वर करायला लावला, बगलेत बोटं घालून शिवण चाचपली. "फस्क्लास आहे साहेब, बोला काय कमी आहे?" वकील हसले. चहा आला. महाल भागातल्या सावजींकडे तेच. काँग्रेसनगरच्या डॉक्टरांकडे तेच. कोणी म्हणे, निनावी चिठ्ठी म्हणजे पाठीत सुरा. कोणी म्हणे, शिंपीच असेल दुसरा कोणी. रुपरावला बरं वाटे आणि पुढच्या कोपऱ्यावर पुन्हा डोकं भणाणे. रात्रभर त्याचा डोळा लागला नाही. रविवारी दुपारपर्यंत आठ कोट झाले. उरला एक. धोंडबा गजभिये, इंदोरा.

धोंडबा पोस्टात टपाल निवडायला होता. अंगणात तो सायकलची चेन बसवत होता. त्याच्या बायकोनं, प्रेमिलानं, खाट ओढली. "बसा मास्तर."

"बसाले नाई आलो."

तिनं पाणी आणलं. त्यानं गडव्याकडं पाहिलंच नाही. "ते चिठ्ठी तुही?"

"हाव," धोंडबा म्हणाला.

इतक्या सरळ उत्तराची रुपरावला तयारी नव्हती. "मग नाव काहून नाई टाकलं? भेला?"

"नाव वाचलं असतं तर चिठ्ठी कोनी वाचली असती?" प्रेमिला आतून बोलली.

"तू चूप वं बाई! कोट आन. घाल. मले दाखव."

धोंडबानं कोट घातला. रुपराव फाटकापाशीच उभा होता. "हात वर कर. वळ. आखीन वळ."

बगलेतली शिवण ताणून पांढरी पडली. बटणं छातीवर ओढली गेली. रुपरावनं घाईघाईनं वही उघडली. छाती छत्तीस. अक्षर त्याचंच. समोर उभा असलेला माणूस अडतीसला कमी नव्हता, आंधळ्यानंही सांगितलं असतं.

"हे माप घेतलं कोन्या गाढवानं?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

"म्या," धोंडबा म्हणाला. "माहं माप मीच घेतलं मास्तर. आकडा म्या सांगतला, तुमी लिहिला."

रुपरावला आठवलं. लाज वाटायला हवी होती. त्याला हायसं वाटलं. दोन दिवसांत पहिल्यांदा त्याचा चेहरा उजळला.

"मंग चूक तुही झाली! माही कशी झाली? असंच लिहून दे. माप तूच घेतलं म्हनून लिही. अन् नाव टाक. पुरं नाव. आता लपू नको."

"कायले लिहून देता जी त्याले?" प्रेमिला बाहेर आली.

"लिहू दे. खोटं थोडीच आहे."

धोंडबानं कागद-दौत मागवली. खाटेवर बसून लिहिलं. पोस्टातल्या माणसाचं अक्षर, रेघेला रेघ. शाई वाळेस्तोवर फुंकलं आणि कागद पुढं केला. रुपरावनं हात पुढं केला नाही. धोंडबानं कागद खाटेवर ठेवून दिला. तेव्हा रुपरावनं तो उचलला.

"वाचून पाहा मास्तर. उद्या मारोतरावांनी दुकानात मोठ्यानं वाचला पायजे."

रुपरावनं वाचलं.

"कोटाच्या मापात रुपराव मास्तरांची काहीही चूक नाही. माझा पत्ता ऐकल्यावर त्यांनी फीत माझ्याकडे फेकली व तुझे तूच मोज म्हणाले. आमच्या अंगाला ते हात लावत नाहीत. सबब माप मी स्वतः घेतले. – धोंडबा कान्हूजी गजभिये, इंदोरा, नागपूर."