गज

इंदुताई मिरजेत व्हायोलिन शिकवायच्या. ऑपरेशनला जाताना त्या नवऱ्याला, माधवरावांना, म्हणाल्या, "आजार काखेपर्यंत पोचला असेल, तर काय करायचं ते तुम्हीच सांगा. माझ्याच्याने ठरवणं होत नाही."

डॉक्टर बाहेर आले. "स्तनातली गाठ काढली. पण काखेतल्या पहिल्या ग्रंथीतही कॅन्सर सापडलाय. तो तिथून पुढे पसरतो. सगळ्या ग्रंथी काढायला हव्यात. मात्र उजवा हात कायमचा सुजू शकतो."

त्याच हातात त्या गज धरायच्या. "काढा," माधवराव म्हणाले.

शुद्धीवर येताच ताईंनी विचारलं, "काढल्या?"

माधवरावांनी होकारार्थी मान हलवली. ताईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

हात खरंच सुजला. शिकवणी बंद झाली. घरात कामापुरतंच बोलणं उरलं.

दिवाळीनंतर एका सकाळी ताईंनी मांडी घालून व्हायोलिन खांद्याला लावलं आणि गज माधवरावांपुढे धरला.

"मला कुठे येतं?"

"नुसता ओढा. बोटं मी ठेवते."

त्यांनी भीतभीत गज ओढला. सूर करकरला. ताईंनी आपल्या सुजलेल्या हाताने त्यांचं मनगट सरळ केलं.

"सावकाश," त्या म्हणाल्या. "आता घाई कसली आहे?"