चमचा फिरला नाही तिथे

विषाणूचा ताप उतरला, तरी यू-हान मलूलच होती. म्हणून तैवानमधल्या तैनानच्या आमानं, म्हणजे तिच्या आजीनं, चिनी मातीच्या चमच्यानं तिची पाठ घासली. जांभळे पट्टे उठले. "बघ, किती उष्णता निघाली!"

सकाळी पोटऱ्यांवरही जांभळे ठिपके दिसले.

"आमा, तू तर पाठच घासली होतीस ना?"

"माझा हात आहे, बाई! पाठीवर घासलं की पायापर्यंत पोचतं."

"मग तोंडातपण पोचलं?" यू-हाननं जीभ बाहेर काढली. जिभेवरही ठिपके होते.

आमानं पोरीला तडक दवाखान्यात नेलं.

"तापानंतर कधीकधी रक्तातल्या प्लेटलेट्स घसरतात, मग असे ठिपके उठतात. वेळेवर आणलंत, होईल बरी," म्हणत डॉक्टरांनी तिचा सदरा वर केला आणि ते दचकले. "हे पाठीवर काय?"

"ते मात्र माझं," आमा म्हणाली.