आवाजाची नस

नजर गेल्यापासून घड्याळजीचं जग बायकोच्या आवाजावर चालायचं. तिच्या छातीत दोन्ही फुप्फुसांच्या मधोमध, महाधमनीला खेटून गाठ निघाली. सर्जनबाईंनी त्याचं बोट त्याच्याच छातीवर फिरवलं. "आवाजाची नस गळ्यातून इथवर उतरते, महाधमनीला वळसा घालून परत वर जाते. गाठ तिलाच चिकटलीय. नस वाचवली तर गाठीचा तुकडा मागे राहील." "नस वाचवा," बायको म्हणाली, "माझ्या आवाजाशिवाय यांना दारसुद्धा सापडत नाही." "मी खुशाल भिंतींवर आपटेन. गाठ अख्खी काढा," तो कळवळला. शेवटी ती 'बरं' म्हणाली. ऑपरेशननंतर ती शुद्धीवर आली, तरी बोलेना. तो चाचपडत तिच्या उशाशी वाकला. "अगं, बोल ना." कानाशी घोगरी कुजबुज आली, "लाज वाटते हो, आवाज फाटलाय." "फाटू दे," तो हसला, "जन्मभर स्वयंपाकघरातून ओरडलीस; आता बोलायला जवळ यावं लागेल."