जमालगोट्याची पुडी

गाडीची किल्ली शोधताना श्यामलाबाईंच्या पर्समध्ये मुरलीधरांना कागदाची पुडी सापडली. आत जमालगोट्याच्या, त्या जहाल रेचकाच्या, सहा बिया. एकीनेही माणूस आडवा होतो, हे त्यांना डॉक्टर होण्याआधीपासून ठाऊक होतं.

"सापडला तुझा लिम!" ते किचनमध्ये येऊन गरजले. खरं सांगायचं तर त्यांना आनंदच झाला होता.

दोन महिने श्यामलाबाई गुडघ्यासाठी स्टॅनमोरच्या हाय स्ट्रीटवरच्या मिस्टर लिम या चिनी वैद्याकडे जात होत्या. तो दहा-दहा मिनिटं नाडी धरून बसतो, हे घरी येऊन हसत सांगत होत्या. गुडघ्यापर्यंत मुरलीधरांनी कसंबसं सोसलं. पण पोट? तीस वर्षं अर्ध्या लंडनची आतडी तपासलेल्या माणसाची बायको पोटाचं औषध दुसऱ्याकडून आणते! पिकतं तिथे विकत नाही, हेच खरं.

"कौन्सिलला कळवतो. दुकानच बंद करायला लावतो त्याचं."

"अहो, त्यांनी नाही दिलं ते. मनीषावहिनींनी नागपूरहून पाठवलंय, कॉन्स्टिपेशनवर. चिनी औषधातही हीच बी असते म्हणे, म्हणून घेण्याआधी त्यांना दाखवायला नेलं."

"त्याला दाखवलंस?"

"ते तर घाबरलेच. म्हणाले, आमच्याकडे कागदात दाबून दाबून आधी याचं तेल काढतात, तरी जपूनच देतात. इथे विकायलाही बॅन आहे. अजिबात घेऊ नका."

आता राग उतरायला हवा होता. उलट चढला. लिमचं म्हणणं बरोबर होतं, आणि मुरलीधरांना तेच सहन होईना.

"आणि मी? घरात डॉक्टर असताना मला का नाही विचारलंस?"

"दोनदा विचारलं. तुम्ही टीव्हीवरची नजर न काढता म्हणालात, लॅक्टुलोजचं सिरप घे." श्यामलाबाईंनी गॅस बंद केला. "आज त्यांनी विचारलं, शौचाला रक्त पडतं का? मी हो म्हटलं. तर म्हणाले, हे माझं काम नाही, लगेच डॉक्टरांना दाखवा."

क्लिनिकमध्ये आलेल्या प्रत्येकाला मुरलीधर हा प्रश्न पहिल्या दोन मिनिटांत विचारत. पुडी टेबलावर ठेवून त्यांनी खुर्ची ओढली.

"किती दिवस पडतंय?" त्यांनी हळूच विचारलं.

श्यामलाबाई टॉवेलला हात पुसून त्यांच्या समोर बसल्या, नवीन पेशंट बसतात तशा, खुर्चीच्या काठावर.

"सहा महिने झाले, डॉक्टर."